नंदाने केलेलं गॅलरीचं वायरिंग

हे मी आजवर कुणाशी बोललेली नाही. नवऱ्याशीही नाही — आणि जिचं यात नुकसान झालं, ती त्याचीच धाकटी बहीण. माझी नणंद, नंदा. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही तिला ओळखत नाही. म्हणजे इथेही पळवाटच शोधली मी, नाही का?

पण आधी नंदाबद्दल बोलू द्या. सासरे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते, तिचं बालपण तिथल्या कॉलनीत गेलं. पुढे हट्टाने आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला. आमच्या नाशिकरोडच्या फ्लॅटच्या गॅलरीत दिवा अन् प्लग घ्यायचं ठरलं, तेव्हा ती मला घेऊन दुकानात गेली. काय रुबाब तिचा! दुकानदाराने पुढे केलेली वायर तिने बोटाने मागे सारली.

"काका, ही खोलीत चालेल. आमच्या गॅलरीत ऊन, पाऊस दोन्ही येतं. जाड आवरणाची दाखवा, तीन तारांची. अर्थिंगशिवाय मी कामाला हात लावत नाही."

मग केबलचं टोक सोलून आतलं तांबं नखाने खरवडून पाहिलं. केबल दुमडून आवरणाला चीर जाते का, तेही पाहिलं. दुकानदार घामाघूम! आणि मी — मी तर मिरवतच होते, ही आमची नंदा म्हणून.

काम तर बघत राहावं असं केलं तिने. सगळी केबल पाइपातून नेली, लोखंडी ग्रिलला कुठेही टेकू दिली नाही. दिव्याच्या झाकणाखाली रबर बसवलं. हे काम दाखवून तिला सोसायटीतली बाकीची कामं घ्यायची होती, पुढे स्वतःचं दुकान टाकायचं होतं. तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच.

मग दिवाळी आली. मला आकाशकंदील अगदी मधोमध हवा होता आणि प्लगपासून वायर पुरत नव्हती. नंदा म्हणाली होती, थांब, मी येऊन लावते. पण दम कुणाला? मी दिव्याचं झाकण उघडलं, रबर काढलं, जुन्या माळेची वायर आत पिळून जोडली, वर सेलोटेप गुंडाळला — आणि ग्रिलवरून ओढून नेली. माहेरी दर दिवाळीला असंच तर करायचो आम्ही.

कंदील लागतो का ते बघून मी आत आले, बटण तसंच चालू. मागोमाग सासूबाई गॅलरीत कपडे वाळत घालायला गेल्या. ओला हात ग्रिलला लागला आणि त्या फेकल्या गेल्या. जीव वाचला, मनगट मोडलं.

सगळे त्यांना घेऊन दवाखान्यात धावले. आणि मी? मी मागे राहिले. मेन स्विच बंद केला, ती वायर उपटली, रबर होतं तसं बसवलं, झाकण घट्ट केलं, कंदील माळ्यावर टाकला. घाबरून केलं म्हणू? नाही. एकेक स्क्रू मोजून लावला.

नंदा आली. सगळं उघडून, मीटर लावून पुन्हा पुन्हा तपासलं. तिला काही सापडेना — सापडणार कसं? शेवटी सासूबाईंच्या पायाशी बसून म्हणाली, "माझंच कुठेतरी चुकलं, आई." माझा नवरा म्हणाला, बायकांनी या भानगडीत पडूच नये. मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होते.

पुढे तिचं लग्न झालं, मुलगी झाली, पण तिने पुन्हा पकड हातात घेतली नाही. आता देवळाली कॅम्पात एका कापडाच्या दुकानात नोकरी करते. सासूबाईंच्या हातासाठी तेल आणते, माझ्यासाठी ब्लाउजपीस. मला अजूनही वाटतं, तिच्यासारखं काम नाशकात कुणी करत नसेल. पण हे मोठ्याने म्हणायचं म्हणजे बाकीचंही सांगावं लागणार.

यंदा तिची मुलगी दहावी झाली. तिला आयटीआयला जायचंय, इलेक्ट्रिशियनच व्हायचंय. नंदा नाही म्हणाली — आपल्या हाताला ते काम लाभत नाही, म्हणाली. पोरगी माझ्याकडे आली. "मामी, तू सांग ना आईला. तुझं ती ऐकेल."

मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हटलं, "आई सांगते ते ऐक, बाळा."