बेसमेंटच्या भिंतीवरचा पेरू

पेरू देशातल्या कुठल्या बड्या घरची मुलगी कुठल्या बड्या घरात दिली, हे आमच्या घरमालक काकांइतकं पक्कं ठाऊक असलेला माणूस अख्ख्या कॅनडात नसेल. वॉटर्लूमध्ये दोन वर्षं मी त्यांच्या बेसमेंटमध्ये राहिले. खोली बघायला गेले, तेव्हा मी काय शिकते, स्वयंपाक काय करते, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. "आईचं माहेरचं आडनाव काय?" मी सांगितलं. "आणि आजीचं?" ते मला येत नव्हतं. "विचारून ठेव," असं गंभीरपणे म्हणून त्यांनी किल्ली दिली. फर्नेस दुरुस्त करायला आलेला माणूस असो की ग्रोसरीच्या काउंटरवरची मुलगी, त्यांचा पहिला प्रश्न हाच. एकदा शेजारचे गृहस्थ ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढत होते. काकांनी त्यांना तिथेच गाठून त्यांच्या पणजीच्या माहेरापर्यंत मागे नेलं. तोवर साफ केलेल्या जागेवर पुन्हा चार बोटं बर्फ साचला.

पण खरी गोष्ट भिंतीवर होती. माझ्या पलंगाच्या पायथ्यापासून थेट वॉशिंग मशीनपर्यंत काकांनी पेन्सिलीने पेरूची घराणी काढली होती. ऊसवाली, कापूसवाली, समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचं खत विकून गबर झालेली, बँकवाली, वर्तमानपत्रवाली. जिथे लग्न झालं तिथे दुहेरी रेघ. काका कपडे धुवायला खाली आले, की मशीन थांबेपर्यंत एक सोयरीक मला ऐकावी लागे. "हा राष्ट्राध्यक्ष. हा त्याचा मुलगा, पुढे तोही राष्ट्राध्यक्ष. बँक मेहुण्याची, ऊस सासऱ्याचा. आता सांग, निवडणूक कशाला घेत असतील?"

मी पब्लिक पॉलिसी शिकत होते आणि थोडं वाचून आले होते. मी भीत भीत म्हटलं, "पण काका, लष्कराने नंतर जमिनी काढून घेतल्या ना?"

"जमिनी गेल्या. जावई राहिले. मग नवी माणसं आली, ही घराणी नकोत म्हणत. आता त्यांचीही पोरंबाळं उभी राहतात."

खरं सांगायचं तर मला यात फारसं नवल वाटत नसे. माझे वडील आमच्या तालुक्यात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आहेत. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि ते कॉलेजही चेअरमनसाहेबांच्या वडिलांच्या नावाचं. कुठलं पुस्तक उघडलं तरी आपलं नाव त्यात सापडणार नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. म्हणून असेल, पण त्या भिंतीसमोर मी जरा अंग चोरूनच झोपत असे.

या वसंतात काकांच्या मुलीने घर विकायचं ठरवलं. ऐंशीच्या माणसाने बर्फात एकटं राहू नये, तुम्ही व्हँकुव्हरला माझ्याकडे या, असा तिचा आग्रह होता, आणि तो रास्तच होता. नव्या मालकांना बेसमेंट शनिवारपर्यंत पांढरं हवं होतं. "बाबा, जस्ट टेक फोटोज," ती फोनवर म्हणाली. "फोटोत पेन्सिल दिसत नाही," काका म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता फोन ठेवला. मी पॅकिंगच्या खाकी कागदाचा एक रोल आणला. चार दिवस, क्लास सुटला की, काका बोट ठेवून सांगत आणि मी उतरवून घेई.

शुक्रवारी मशीनच्या मागचा कोपरा राहिला होता. तिथे एकच नाव होतं, रोसा. त्याला एकही रेघ जोडलेली नव्हती.

"काका, ही कुठल्या घरची?"

ते कपड्यांच्या बास्केटवरच बसले. तरुणपणी ते इथल्या एका कंपनीकडून पेरूच्या राजधानीत, लिमाला, पाण्याच्या पाइपलाइनच्या कामावर इंजिनियर म्हणून गेले होते. एक अधिकारी फाइल अडवून बसला होता. काकांनी वरच्या साहेबांकडे त्याची लेखी तक्रार केली. करण्याआधी दोघांची नावं नीट पाहिली होती आणि आपल्या सवयीने शेवटचा शब्द आडनाव धरला होता. दोघांचा वेगळा, म्हणजे नात्यातले नाहीत. पण तिकडे शेवटी आईकडचं आडनाव असतं, वडिलांकडचं त्याच्या आधी. दोघे सख्खे चुलत भाऊ निघाले. आठवड्याभरात काका कॅनडात परत. इथपर्यंतची गोष्ट मी त्यांच्याकडून दहा वेळा हसत हसत ऐकली होती.

"तक्रार स्पॅनिशमध्ये तिने टाइप केली," ते म्हणाले. "ऑफिसातली टायपिस्ट. त्यांच्या घरात शिकलेली ती पहिलीच. टाइप करताना तीनदा थांबली. म्हणाली, साहेब, ही दोन माणसं एकाच घरातली आहेत. मी म्हटलं, तू टाइप कर. मला परत पाठवलं, तिला काढून टाकलं."

"मग शोधलं नाहीत?"

"कसं शोधू? पूर्ण नाव विचारलंच नव्हतं गं. सगळे रोसा म्हणायचे, मीही म्हणायचो. या सगळ्या घराण्यांच्या कागदपत्रांत कुठेतरी तिचं नाव येईल, असं वाटत राहिलं."

मी ते नाव उतरवून घेतलं. शनिवारी भिंत रंगवली गेली. काका जिन्यातूनच बघून वर गेले, आणि सोमवारी त्यांचं विमान होतं.

पुढे मी माझ्या टर्म पेपरला तो तक्ता जोडला. आमच्या प्राध्यापकांनी छान शेरे दिले. फक्त रोसापाशी त्यांनी लाल पेनाने लिहिलं होतं की हिचा कुठल्याच घराण्याशी संबंध दिसत नाही, तेव्हा संदर्भ द्यावा किंवा नाव काढावं. मी व्हँकुव्हरला फोन केला.

"काका, काढू का?"

पलीकडे नातू टीव्ही बघत होता, काकांनी त्याला आवाज कमी करायला सांगितलं. मग ते म्हणाले, "नको. संदर्भात माझं नाव घाल, पत्त्यासकट. तिच्याकडचं कुणी शोधत आलंच, तर मी सापडायला हवा."

मी पेन घेतलं आणि पत्ता विचारला. तो त्यांना पाठ नव्हता. त्यांनी मुलीला हाक मारली आणि ती सांगत गेली तसा, एकेक आकडा, मला सांगितला.