मस्टरवरची अकरा नावं

कॉम्प्युटरच्या धंद्यात वीस-पंचवीस वर्षं काढली की किस्से माळ्यावरच्या जुन्या वायरींसारखे साठतात. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात. मित्र जमले की नगरच्या त्या संस्थेचे किस्से हमखास निघतात, आणि शेवटचा मी दरवेळी गाळतो. आज नाही गाळणार.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नगरच्या त्या शिक्षण संस्थेच्या वेबसाइटवर नोटिसा, निकाल, बातम्या टाकायचं मॉड्यूल आम्ही करून दिलं. लगेच फर्मान निघालं, "कुणी काय लिहायचं, कुणी काय पुसायचं, ते ठरवून द्या." म्हणजे माणसागणिक वेगळी परमिशन! मी सरळ ऑफिसचं मस्टर मागवलं आणि त्यातली अकरा नावं उतरवून घेतली. प्रत्येकाला एक पासवर्ड. बारावा माझा. त्यानं काहीही करता यायचं, यादीत नवं नावसुद्धा घालता यायचं.

*

अध्यक्ष म्हणाले, "सगळे अधिकार माझ्याकडं ठेवा!"

ठेवले. मग त्यांच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडायला गेलो, तर ओरडले, "अहो, इथं नको! सत्काराचे नारळ कुठं ठेवू?"

*

जामखेडच्या शाळेचे हेडमास्तर तक्रार घेऊन खास एसटीनं आले. "पुनतांब्याच्या शाळेचं पान मला दिसतंय, मंग बदलता का येत न्हाई?"

"सर, ते त्यांचं पान आहे. तुम्हाला त्यात काय बदलायचंय?"

"निकाल. लई जास्त लागलाय त्यांचा!"

*

हेडक्लार्क भाऊसाहेबांकडे मंजुरीची परमिशन होती. ते प्रत्येक नोटीस आधी कागदावर छापून घेत, लाल शाईनं सही करत, वर गोल शिक्का मारत आणि तो कागद सुनंदाबाईंपुढे ठेवत. "बाई, आता माझा पासवर्ड टाका अन् दाबा मंजूर!"

सुनंदाबाई रोजंदारीवरच्या टायपिस्ट, मस्टरबाहेरच्या. अख्ख्या ऑफिसात कॉम्प्युटर फक्त त्यांना यायचा. अकराही जणांचे पासवर्ड त्यांना पाठ, आणि अकराही जणांच्या नावानं त्याच लिहायच्या.

एकदा मला म्हणाल्या, "सर, माजं बी नाव घाला की त्यात."

"मस्टरवर आहे का तुमचं नाव?" मी विचारलं.

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो. नाव घालायला दोन मिनिटं लागली असती.

*

'पासवर्ड कुणालाही सांगू नये' अशी पाटी मीच भिंतीवर लावली होती. आणि ऐन निकालाच्या दिवशी साइट बिघडली, तेव्हा मी मिरजगावला, बंद पडलेल्या एसटीत! उशीर होईल हे सांगायला एसटीडी बूथवरून ऑफिसात फोन लावला, तेव्हा हे कळलं, आणि माझा पासवर्ड सुनंदाबाईंना ओरडून ओरडून सांगितला. त्यांनी दहा मिनिटांत पान दुरुस्त केलं.

बूथबाहेर रांगेत उभा असलेला एक जण म्हणाला, "सायेब, हळू बोला की. आमाला बी पाट झाला!"

*

पुढं ऑफिसात ऑपरेटरची कायम जागा निघाली. सुनंदाबाईंनी अर्ज केला. मुलाखतीत त्यांनी सांगितलं, "इथलं समदं काम मीच करते."

"कुणी केलंय ते कॉम्प्युटरच सांगेल," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी मला यादी छापायला लावली.

प्रत्येक नोटिशीपुढे लिहिणाऱ्याचं आणि मंजूर करणाऱ्याचं नाव होतं. पानंच्या पानं भाऊसाहेब, ज्यांनी माउसला कधी हात लावला नव्हता! सुनंदाबाईंचं नाव एकदाही नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं. पण संस्थेचं पुढचं काम मला हवं होतं आणि अध्यक्षांपुढे भाऊसाहेबांना खोटं पाडायची माझी छाती झाली नाही. मी यादीला स्टेपल मारली आणि ती अध्यक्षांपुढे ठेवली. जागा दुसऱ्याला गेली. त्याची लाज मला अजून वाटते.

नवा ऑपरेटर आला आणि बाईंची रोजंदारी संपली. शेवटच्या दिवशी त्यांनी घडी घातलेला एक कागद माझ्या हातात दिला. "मी नसल्यावर यांची अडचन व्हायला नको, सर."

सुरेख अक्षरात सगळ्यांची नावं आणि त्यांच्यापुढे पासवर्ड. मी मोजली, तर बारा भरली.

शेवटचं नाव माझं होतं. पासवर्ड मी अजून बदललेला नव्हता.