बाबलीनं सोडलेला संकासूर

धारगळला हायवेच्या कडेला तांबडी भाजी आणि मुळे विकणारा बाबली एकटाच राहतो. बायको कमलाक्षी गेली, मुलगी वाळपईला दिली. पण जत्रांच्या दिवसांत त्याला एकटेपणाला सवडच नसे. दशावतारी नाटकात मूळ कथेआधी येणारा संकासूर तो करायचा. अंगात काळा झगा, तोंडावर काळा बुरखा, बाहेर लोंबणारी लाल जीभ. या सोंगाचे संवाद कुणी लिहीत नाही. देवाला गाऱ्हाणं घालून परवानगी घेतली, की संकासुरानं कुणाचीही टर उडवावी, देवाचीसुद्धा, अशी आमच्याकडची रीत. लोक भाजी घेता घेता विचारत, "आज कोणाचो नंबर, बाबली?" तो मुळ्याची माती झटकत म्हणे, "तुझोच. पळान जा."

गेल्या वर्षी जत्रेत देवळावर चारी बाजूंनी कर्णे लावले होते. बाबली देवासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "देवा, तू बहिरो रे? नाय तर ही माणसां कित्याक इतकी बोंब मारतत?" पुजारीसुद्धा पोट धरून हसले.

कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं. "देवा, तू बहिरो रे?" एवढाच तुकडा फिरला, लोकांचं हसणं कापून. चार-पाच दिवसांत पेडण्याजवळ नाटकमंडळीचा टेम्पो अडवला गेला. अडवणारी मुलं आमच्या गावची नव्हती. त्यांनी बाबलीचा संकासूर कधी पाहिलाही नसावा. दगड लागला मृदंग वाजवणाऱ्या श्रीनाथला. कपाळाला टाके पडले.

बाबली त्याला बघायला गेला. श्रीनाथची आई संजना चहा देताना एवढंच म्हणाली, "तुमच्या हसण्याचो दगड माझ्या झिलाक लागलो, भावजी." बाबलीच्या हातातला चहा तसाच निवला.

मग देवळात बैठक बसली. श्रीनाथही कपाळाला पट्टी बांधून आला होता. देवस्थानचे अध्यक्ष बाबुराव माणूस वाईट नव्हे. त्यांना पुढची जत्रा सुखरूप पार पडायला हवी होती.

"देवासमोर चुकलंय म्हण, बाबली. मिटला."

"श्रीनाथाक लागला, त्याचे पाय धरतंय. देवाक काय म्हणू? तो हसलो."

"देव हसलो, ता तुका कोणी सांगल्यान?"

"मगे रागावलो, ता तुमका कोणी सांगल्यान?"

मागं कुणीतरी खुसखुसलं. बाबुरावांनाही हसू येत होतं, पण त्यांची नजर श्रीनाथच्या पट्टीकडे गेली. "बरां, माफी रवांदे. फुडल्या वर्षा सोंग घे, पण देवाचो विषय काढू नको. पोरांची डोकी फुटली तर मी काय करू?"

पट्टी बाबलीलाही दिसत होती. "तुमचा बरोबर आसा," तो म्हणाला. "पण गाऱ्हाणा देवाक घालूचा आणि मगे त्याच्याशीच बोलूचा नाय? माका जमाचा नाय. झगो दुसऱ्याक घाला."

यंदा जत्रेला तो गेला नाही. दिवसभर गिऱ्हाइकं आली, भाव विचारून जुड्या घेऊन गेली. थट्टेला कुणी थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीनाथनं मोटरसायकल भाजीपाशी उभी केली.

"कसो जालो नवो संकासूर?" बाबलीनं विचारलं.

"बरो. बशीच्या टायमावर बोललो, नेटवर्कावर बोललो. लोक हसले."

"आणि देवाक?"

"देवाक काय नाय, काका."

बाबलीनं जुड्यांवर पाणी शिंपडलं.

"सगळ्यांची चौकशी केल्यान," तो म्हणाला, "आणि देव तेवडो एकटो रवलो मरे."