राक्षसाच्या कानातून बाहेर

वॉचमननं नुसतं "नाव?" एवढंच विचारलं होतं. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "दिलीप पांडुरंग साळवी!" आणि मान खाली घालून, गुडघ्यांत वाकून गेटमधून आत शिरलो. गेट एवढं उंच की भरलेला ट्रक सहज जावा. वॉचमन मोबाइलवरचं बोट तसंच धरून म्हणाला, "साहेब, ऐकू येतंय मला." बायको म्हणाली, "अहो, भाचीची वास्तुशांत आहे. कबड्डीच्या मैदानात उतरल्यासारखे काय वाकताय?"

चूक माझीच, पण थोडी त्या जागेचीही. मोशीतल्या त्या सोसायटीच्या गेटाशी बिल्डरनं चिंचेचं एक जुनं झाड राखलंय. बुंध्यात गंजलेले खिळे अजून आहेत. त्यांवर पूर्वी पत्र्याचा हसरा चेहरा टांगलेला असे. ते आमचं बोलकं झाड. त्याच्या डाव्या हाताला, आज वॉचमनची केबिन आहे तिथं, राक्षसाचं तोंड होतं. माझ्या लहानपणी तिथं परीकथांची बाग होती आणि त्या राक्षसाच्या पोटात एक माणूस नोकरीला होता.

त्यांचं नाव बबन शेळके, पण आम्ही त्यांना राक्षसकाका म्हणायचो. राक्षसाच्या दातांखाली वाकून आत शिरायचं, पोटातल्या अंधारात चाचपडत जायचं आणि कानातून घसरगुंडीवरून बाहेर पडायचं. पण शिरण्याआधी पूर्ण नाव सांगावं लागे. मग पोटातल्या पत्र्याच्या नरसाळ्यातून गर्जना यायची, "दिलीप पांडुरंग साळवी, गिळला!" बाहेर पडलं की, "दिलीप पांडुरंग साळवी, सोडला!" सोडला ऐकल्याशिवाय घसरगुंडीपासून हलायचं नाही, हा नियम. नाव पुटपुटलेलं चालत नसे. "मोठ्यानं बोल की लेका! राक्षसाच्या कानात मळ हाय!"

एकदा मी कानातून बाहेर पडलो तो थेट बर्फाच्या गोळ्याच्या गाडीकडे पळालो. सोडला ऐकायला थांबलोच नाही. गोळा अर्धा चोखून होतो न होतो तोच पाहतो, तर राक्षस बंद, रांग खोळंबलेली आणि काका बॅटरी घेऊन पोटात माझ्या नावानं हाका मारतायत. मी गाडीपाशी सापडलो. आता थोबाडीत बसणार म्हणून मी डोळे मिटले. पण त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "बाहेर हाईस न्हवं? मग थांबायचं व्हतं, बाळा. मला कसं कळावं?" गोळ्याचा लाल रंग त्यांच्या बोटांवरून ओघळत होता. त्यांनी तो पुसला नाही, नुसते बघत राहिले.

वडिलांनी मला त्याचं कारण सांगितलं, तोवर मला मिशा फुटल्या होत्या. काका आधी चिंचवडच्या एका कारखान्यात वडिलांबरोबर प्रेस शॉपला, पत्रा दाबायच्या मशीनवर होते. धडाम धडाम करून कान तिथंच गेले. मशीन दुरुस्त झालं की चालू करण्याआधी प्रत्येकाच्या नावानं हाक मारायची आणि प्रत्येकाची ओ ऐकायची, अशी तिथली रीत. एका दुपारी काकांनी हाका मारल्या. सगळ्यांच्या ओ आल्या, असं त्यांना वाटलं. त्यांनी बटण दाबलं. त्यांचा जोडीदार आतच होता. "पुढं बबन कामावर आलाच नाही," वडील म्हणाले आणि पेपरात तोंड घालून बसले.

मी तोवर बागेत जाणं सोडलं होतं. मोठा झालो होतो ना! पुढे मुलीला घेऊन जायला लागलो तेव्हा दर खेपेला काहीतरी नाहीसं झालेलं असे. भोपळ्याची गाडी गेली, तिथं धडका मारायच्या इलेक्ट्रिक गाड्या आल्या. चेटकिणीची झोपडी गेली, सेल्फी पॉइंट आला. उडत्या गालिच्याच्या जागी पाण्याच्या घसरगुंड्या. राक्षस राहिला, पण त्याला निळा रंग देऊन पोटात रेकॉर्ड केलेलं हसू बसवलं. काकांना पाण्याच्या घसरगुंडीखाली शिट्टी देऊन उभं केलं. मी म्हटलं, "काका, काम हलकं झालं की!" त्यांनी कानामागे हात धरून ते दोनदा ऐकलं आणि म्हणाले, "शिट्टीला नाव घेता येतं व्हय?" पोर पाण्यातून वर आलं की त्यांचे ओठ हलायचे. काय म्हणत होते ते मला लांबूनही कळायचं.

बाग बंद झाल्याचं कळलं तेव्हा मुलीला शेवटचा राक्षस दाखवायला गेलो. जेसीबी आला होता आणि काका त्याच्यापुढे आडवे उभे होते.

"थांब भावा. आत कुनी हाय का बघतो."

"काका, कधीपासून बंद आहे हे! कोण असणार आत?" जेसीबीवाला म्हणाला.

"तसंच वाटतं मानसाला," काका म्हणाले.

ते दातांखाली वाकले आणि नियमाप्रमाणे स्वतःचं नाव ओरडले, "बबन धोंडिबा शेळके!" गिळला म्हणायला कुणी नव्हतं. ते आत गेले. मग पोटातून नावं ऐकू यायला लागली. नरसाळं कधीच काढून टाकलेलं, तरी स्पष्ट. एक नाव, मग ओ देण्यापुरती शांतता, मग दुसरं नाव. कुठल्या कुठल्या वर्षांतली पोरं. त्यांत माझंही नाव आलं. मी बाहेर उन्हात उभा होतो, तरी "ओ!" म्हणालो. मुलगी हसली.

बऱ्याच वेळानं काका कानातून घसरत खाली आले, उठले आणि तिथंच उभे राहिले. नियमच होता तो. मी म्हणालो, "बबन धोंडिबा शेळके, सोडला!" पण तेवढ्यात जेसीबी सुरू झाला होता. काका कानामागे हात धरून राक्षसाकडे बघत राहिले, सुपरवायझरनं दंडाला धरून बाजूला नेईपर्यंत. त्यानंतर मला ते दिसले नाहीत. वर्षाच्या आत गेले, असं वडिलांकडून कळलं.

हे सगळं मी बायकोला लग्नानंतर इतक्यांदा सांगितलंय की ती मध्येच पुढचं वाक्य म्हणते. तरी वास्तुशांतीचं जेवून निघालो तेव्हा गेटपाशी माझे पाय थांबले. ती रिक्षा बघत होती. वॉचमन पुन्हा माझ्याकडे संशयानं पाहायला लागला, म्हणून मी चिंचेकडे तोंड करून, चपलेचा पट्टा नीट करतोय असं दाखवत, हळूच म्हणालो, "बबन धोंडिबा शेळके, सोडला."

मागून बायको म्हणाली, "अहो, त्यांना कमी ऐकू यायचं ना? मग मोठ्यानं म्हणा की."