वस्तादाचं नाव

बापूमामांच्या हातात मी कधी कागद पाहिला नाही. मामा जत्रेतल्या कुस्त्यांचे निवेदक. पैलवान मैदानात आला रे आला, की माइकवरून त्याचं गाव, बाप, आजा, तालीम, वस्ताद, सगळं घडाघडा सुरू. "कागद बघून नावं घ्यायला हे काय रेशनचं दुकान हाय?" असं विचारायचे. वस्तादाच्या नावाला फार जपायचे. "बापाचं चुकलं तर पोरगं हसंल. वस्तादाचं चुकलं तर मैदान पेटंल!"

मामा मेढ्याचे. माझं साताऱ्यात औषधांचं दुकान. मामांच्या हृदयात स्टेंट बसला, तेव्हापासून कोलेस्टेरॉलची गोळी माझ्याच दुकानातून जायची. मग एका जत्रेत घात झाला. धोंडी वस्तादांच्या पठ्ठ्याला मामांनी चक्क रामू वस्तादांचा पठ्ठा म्हटलं. दोन्ही तालमींचं पिढ्यान्‌पिढ्या वाकडं! पैलवान कुस्ती न खेळताच निघाला. नातवाच्या वयाच्या त्या पोराचे मामांनी भर मैदानात पाय धरले आणि घरी येऊन जेवले नाहीत.

त्यातच कुणीतरी फोनवर धाडलं, की कोलेस्टेरॉलच्या गोळीनं मेंदू पोकळ होतो. झालं! "ही गोळीच माझं डोस्कं खाती गं पोरी."

मी त्यांना ओढतच डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "काहींची अशी तक्रार असते, मामा. गोळी थांबवल्यावर बहुधा ती जातेही. पण बऱ्याचदा विसरण्याचं कारण वेगळंच निघतं. आणि तुमच्या मानेच्या नसेत चरबी साठलीय. तिथली गुठळी वर गेली तर मेंदूवरच घाला. मी गोळी बदलून देतो, पण परस्पर बंद करू नका." मामा नंदीबैलासारखी मान हलवत होते. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

आटपाडीच्या मैदानाच्या आदल्या दिवशी मी मेढ्याला गेले. तालमीत पैलवान लाल मातीत ताक ओतून ती उकरत होते. खोऱ्याबरोबर पांढऱ्या गोळ्या वर आल्या. माझ्याच दुकानातल्या! माझं डोकंच फिरलं.

"मामा, हे काय?"

"मातीला दिल्या. तिला कुठं कुणाची नावं ध्यानात ठिवायची हायत?"

पैलवान खो-खो हसले. मी नाही. "आवं, जिवाचं काही बरंवाईट झालं म्हणजे?"

"मेलो तर मेलो. पर नाव चुकून जगायचं, ते काय जगणं हाय व्हय?" मग माझा चेहरा बघून म्हणाले, "आटपाडी हुंदे. मग रोज खातो. तुझ्या आईची आण." माझी आई म्हणजे त्यांची एकुलती बहीण. तरी दुसऱ्या दिवशी पर्समध्ये गोळी टाकून मी त्यांच्याबरोबर आटपाडीला गेलेच.

काय सांगू, मामा त्या दिवशी लय बोलले! एक नाव चुकेल तर शपथ. मी मात्र प्रत्येक नावाला श्वास रोखून बसलेली. तो रुसलेला पैलवान आला. मामांनी धोंडी वस्तादांचं नाव असं घेतलं, की पोरानं मातीतूनच हात जोडले. मीही टाळ्या पिटल्या. पुढचा पैलवान आला. "ह्याचं वस्ताद..." म्हणून मामा थांबले. लोकांना वाटलं, विसरले. कुणीतरी शिट्टी मारली. मी बघत होते, मामांचं तोंड एका बाजूला ओघळत होतं. माइक हातातून सुटला.

सांगलीच्या दवाखान्यात जीव वाचला. उजवं अंग आणि वाचा गेली. गोळी बंद केल्यानंच झालं का, हे डॉक्टरही छातीठोक सांगेनात.

घरी आणल्यावर मामींचा एकच घोर. "बाई, डोस्क्यातलं बी समदं गेलं का गं?" मामा नुसते छताकडे बघायचे. गोळी द्यायला गेलं, की दात घट्ट मिटायचे.

एका संध्याकाळी मला राहवलं नाही. चमचा माइकसारखा तोंडाशी धरला, त्या रुसलेल्या पैलवानाचं गाव, बाप, आजा सांगितला आणि मुद्दाम म्हणाले, "वस्ताद, रामू!"

मामांचे डोळे लालबुंद झाले. डावा हात उठला आणि मांडीवर असा शड्डू ठोकला, की मामी दचकून उभ्याच राहिल्या. मग पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

"चुकलं मामा. वस्ताद, धोंडी," मी म्हणाले.

तेव्हा कुठं त्यांनी गोळीसाठी तोंड उघडलं.