शकूताईंचं पालथं फुलपात्र

शकूताई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी नांदेडात त्यांच्याच नावाचं खोकं बांधत होते. आमच्या संस्थेच्या कादंबरी पुरस्काराला आलेली पुस्तकं दर वर्षी एसटीच्या पार्सलने लातूरला जायची. त्या वाचून अभिप्राय कळवायच्या आणि मग तिघा परीक्षकांची बैठक होऊन अंतिम यादी लागायची. फोनवर त्यांचा पुतण्या होता. "काकू गेल्या... दुपारी, खुर्चीतच," एवढंच बोलला. मी फोन ठेवला आणि, काय सुचलं कोण जाणे, राहिलेली सुतळी बांधून पूर्ण केली. गाठ मारून झाल्यावर रडू आलं.

शकूताई लातूरच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला मराठी शिकवायच्या. ज्या गावात फिजिक्सच्या सरांना पालक वाकून नमस्कार करतात, त्या गावात कविता शिकवणं म्हणजे लग्नघरात हरिपाठ लावण्यासारखं. "माझ्या तासाला पोरं केमिस्ट्री करतेत. जागी तर असतेत," म्हणून त्या हसायच्या. त्यांचे यजमान गणपती विसर्जनासाठी गावी गेले आणि त्या रात्रीच्या भूकंपात घराखाली गेले. शकूताई लातुरात होत्या, म्हणून राहिल्या. तेव्हापासून त्यांच्या खोलीत पाण्याच्या हंड्यावर ताटली आणि ताटलीवर स्टीलचं फुलपात्र पालथं घातलेलं असे. जमीन जराशी हलली तरी वाजावं म्हणून. त्या दिवसांत आमच्याकडे घरोघरी असं काहीतरी रचलेलं असायचं. भीती ओसरली तशी सगळ्यांची भांडी मांडणीवर परत गेली, शकूताईंचं फुलपात्र मात्र तिथेच राहिलं. तुमच्याशी बोलतानाही त्यांचा एक कान तिकडे असायचा. चांगलं पुस्तक कोणतं, असं मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "वाचताना मला फुलपात्राची आठवण न्हाई आली, की ते चांगलं. लई कमी येतेत तसली."

त्यांना परीक्षक म्हणून मीच सुचवलं होतं. त्यांचं वाचन पाहून सुचवलं, पण भूकंपानंतर काही वर्षं भूकंपावरच्या कादंबऱ्यांची रीघ लागली आणि समितीने ठरवून टाकलं, की ही पुस्तकं शकूताईंकडेच. आम्हाला तो त्यांचा मान वाटायचा. त्यांना काय वाटायचं ते त्यांनी एकदाच सांगितलं. "अगं सुनंदा, मी कुठं होते तिथं? हे लेखक मला माझ्या घराखाली नेऊन नेऊन पुरून राहिलेत. चांगली म्हटली, तर लोक म्हणतेत बाईंनी भोगलंय, त्यांना कळतं. वाईट म्हटली, तर बाईंना अजून सोसत न्हाई. अन् सोडते म्हटलं, तरी तेच म्हणतेत."

एका वर्षी मात्र खोक्यात एक वेगळी कादंबरी निघाली. एक बँडपथक वाजवत वाजवत वरात भलत्याच गावात नेतं आणि तिथले लोकही मानपानाने तिचं स्वागत करतात, अशी काहीतरी गोष्ट. शकूताईंचा फोन आला तो हसतच. ही यादीत यायलाच पाहिजे म्हणाल्या. त्या बैठकीला त्या मुद्दाम नांदेडला आल्या. उरलेले दोघे परीक्षक सज्जन होते, अभ्यासू होते. पुस्तक त्यांनाही आवडलं होतं, पण दोघांनाही एकमेकांसमोर तसं म्हणायची लाज वाटत होती. एक जण म्हणाले, "मजा आहे हो, पण शेजारी भूकंपाची कादंबरी असताना ही कशी ठेवायची? लोक काय म्हणतील?" शकूताई म्हणाल्या, "तेराव्याला गोडाचं जेवण का करतेत सर? गेलेल्यासाठी न्हाई. उरलेल्यांच्या तोंडाची चव परत यावी म्हणून. माझं गोडाचं जेवण कधी करणार तुम्ही?"

चहा आला, खारी आली... यादीत भूकंपाची कादंबरी लागली, बँडवाली लागली नाही. अशा बऱ्याच याद्या मी पाहिल्यात. ज्या पुस्तकावर तिघांपैकी कोणालाच बोट ठेवता येत नाही, ते पुस्तक यादीत जातं. त्यातली काही फार थोर असतात, काही आवडीने वाचावीत अशीही असतात. पण यादी हातात धरून मजा शोधायला निघालेला वाचक माझ्या माहितीत तरी बहुतेकदा रिकाम्या हाताने परत आलाय.

तसा एक वाचक शकूताईंच्या भिंतीपलीकडेच होता. त्यांच्या इमारतीत मालकाने प्लायवूड ठोकून एकेका खोलीच्या दोन केल्या आणि क्लासच्या मुलांना भाड्याने दिल्या. शेजारी इस्लापूरच्या रुक्माबाई मुलीला घेऊन राहायला आल्या. मुलीला डॉक्टर करायचं होतं, म्हणून टीव्ही नाही, बोलणं नाही, भांडंसुद्धा हळू ठेवायचं. दिवसभर गप्प बसून जीव आंबला, तेव्हा त्यांनी शकूताईंकडे पुस्तक मागितलं. मागताना म्हणाल्या, "बक्षिसाच्या यादीतलं द्या." ते घेऊन गेल्या आणि परत आणून दिलं. "चांगलं असंल बाई, पन आधीच कोंडल्यावानी हाय. ह्यात आनखी कोंडलं."

शकूताईंच्या तेराव्याला मी लातूरला गेले. पंगती उठल्यावर त्यांच्या खोलीत जाऊन बसले. हंड्यावर फुलपात्र तसंच पालथं होतं. रुक्माबाई आल्या, माझ्याशेजारी टेकल्या आणि आपणहून बोलायला लागल्या. "पोरगी क्लासला गेली की बाई मला ते बँडवाल्याचं वाचून दाखवायच्या. येकदा खालून पान्याचा टँकर गेला. फुलपात्र खाली पडलं, घरंगळत दारापत्तर गेलं. मी घाबरले. पन बाईला मालूमच न्हाई हो. वाचून राहिल्या, हसून राहिल्या, डोळ्यांतून पानी. मग मीच हळूच उचलून जाग्यावर ठिवलं. सांगितलं न्हाई."

पुतण्याने काय नेता म्हणून विचारलं, तेव्हा मी ते फुलपात्र मागून घेतलं. घरी आणून हंड्यावर ताटली ठेवली आणि तिच्यावर ते पालथं घातलं. खोक्याची सुतळी परवा सोडली, कारण त्यांच्या जागी यंदा मलाच वाचायला सांगितलंय. यादी लागायला अजून थोडा अवकाश आहे. निम्मं खोकं वाचून झालं... दर चार पानांनी माझी मान वळते. फुलपात्र जागच्या जागी असतं.