फिडलमास्तर आणि सुरांचं कपाट

राजापेठेतले आमचे फिडलमास्तर पियानोचं नाव निघालं की आधी चूळ भरायचे. खरंच उठून, मोरीवर जाऊन. व्हायोलिनला ते फिडल म्हणत आणि पियानोला कपाट. "कपाटात कपडे ठेवा लागते, सूर नाई," हे त्यांच्या शिकवणीतलं पहिलं वाक्य.

कुठल्याही वाद्याची ते एकच परीक्षा घेत. त्यानं 'काहून?', म्हणजे 'का?', असं विचारून दाखवायचं. मास्तरांचं बोट तारेवरून असं सरकायचं की फिडल अस्सल वऱ्हाडी बाईसारखं लांबवून 'काऽऽहून?' म्हणायचं. एकदा खाली रस्त्यावरच्या दोन स्कूटरवाल्यांनी गाड्या थांबवून उत्तरं दिली, मी साक्षीदार आहे. पियानो मात्र पहिल्याच अक्षराला नापास. "बेडकावानी उड्या मारते. दोन सुरांच्या मधात गाणं रायते, ते त्याले ठाऊकच नाई. अन् सूर ठोकला का मेला."

आणि त्यांची एकुलती एक मुलगी सुनंदा अकोल्याच्या शाळेत पियानो शिकवायला लागली! मास्तरांनी बोलणं टाकलं. दोन वर्षं तिचा फोन आला की ते मोबाइल माझ्या हातात कोंबत, आणि नंतर तिची खुशाली माझ्याकडून तीन-तीनदा वदवून घेत.

शेवटी शाळेच्या कार्यक्रमाला मीच त्यांना ओढून नेलं. मूर्तिजापूरपर्यंत पियानोला शिव्या, तिथे चहा, पुढे पुन्हा शिव्या. कार्यक्रमात सुनंदानं पियानोवर दहाही बोटं एकदम टेकवली. खाली ढग गडगडले, वर पैंजण वाजले, खुर्च्या थरथरल्या. मास्तर मान उंचावून तिची बोटं मोजत बसले. मग पुटपुटले, "सुरांची गर्दी बरी जमवते. हे आपल्या फिडलले जमत नाई." पण तिला न भेटताच एसटीत जाऊन बसले.

पुढच्या हिवाळ्यात त्यांचा उजवा खांदा असा धरला की तारांवर फिरवायचा गज उचलेना. सुनंदा आली आणि काही न विचारता त्यांना अकोल्याला घेऊन गेली.

मी भेटायला गेलो, तर मास्तर पियानोपुढे! डाव्या हातानं खालचे सूर दाबताहेत, शेजारी बसून वरचे सुनंदा वाजवतेय. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. मी म्हटलं, मास्तर, हे काय?

"वाद्य भिकारच हाय," ते म्हणाले. मग तिच्याकडे न बघता बाकावर थोडे सरकले. "पण फिडलवर दोघाईले जागा नसते. नीट बस पोरी, अर्धी तं खाली लटकून राहिली तू."